ललिताचं वाचन

धर्मपाल गुरुजी चांदूर बाजारच्या प्राथमिक शाळेत होते. बौद्ध धम्माची दीक्षा घेऊन आल्यापासून त्यांनी मनाशी एकच धरलं होतं, आपल्या वस्तीत कोणी अक्षरावाचून राहायचं नाही. म्हाताऱ्याकोताऱ्यांनाही त्यांनी सही शिकवली. आणि त्यांची स्वतःची मुलगी ललिता दहा वर्षांची झाली तरी तिला वाचता येत नव्हतं.

मुलगी मंद नव्हती. एकदा ऐकलेली गोष्ट ती कितीतरी दिवसांनी जशीच्या तशी सांगायची. पण पुस्तक उघडलं की तिला 'ब' आणि 'व' सारखेच दिसत, 'मगर'चा 'गरम' होई.

"अक्षरं एका जागी थांबत नाई, बाबा," ती म्हणायची. गुरुजींना वाटे, पोरीचं लक्ष नाही. एकदोनदा त्यांनी हातही उचलला होता.

१९६२च्या उन्हाळ्यात त्यांनी ठरवलं, हिला बाहेरगावी शिकायला ठेवायचं. बायको मनकर्णा आणि ललिताला घेऊन ते दोन ठिकाणं पाहून आले.

अमरावतीला राजापेठेत इंदूबाई नावाच्या विधवा शिक्षिका आपल्या घरी काही मुली ठेवून घेत. त्यांनी ललितापुढे पुस्तक ठेवलंच नाही. "तुझ्या गावाबद्दल सांग," म्हणाल्या. ललिता बोलत सुटली, मधेच हसलीसुद्धा. मग तिनं आपणहून सांगितलं, मले वाचता येत नाही.

"ठेवा हिला," इंदूबाई गुरुजींना म्हणाल्या. "पण दोन वर्ग मागं बसवीन. वाचेल ती, पण केव्हा, ते आज सांगत नाही."

अकोल्याचं बोर्डिंग मोठं होतं. रांगेत चालणाऱ्या मुली, भिंतीवर पहिल्या आलेल्यांची नावं. तिथल्या बाई म्हणाल्या, "सहा महिन्यांत वाचायला लागेल. आमच्याकडे सगळ्याच लागतात."

परतताना मोटारीत मनकर्णा म्हणाली, "अमरावतीच्या बाईपाशी पोरगी हसली."

"हसाले पाठवून राहिलो का तिले? मास्तरची पोरगी दोन वर्ग मांगं बसंन, तं मी लोकाईले काय तोंड दाखवू?"

 जूनमध्ये ललिता अकोल्याला गेली.

दिवाळीच्या सुटीत ती घरी आली. गुरुजींनी भीतभीतच पुस्तक पुढे केलं, आणि ललितानं पहिला धडा घडाघडा वाचला. गुरुजींचे डोळे भरून आले. दुसऱ्या दिवशी त्यांनी शेजारचे जानराव आणि वस्तीतली चार माणसं बोलावली. अंगणात चटई अंथरली. ललिता मधे बसून वाचू लागली.

वाऱ्याची झुळूक आली आणि दोन-तीन पानं एकदम उलटली. ललिताचं वाचन थांबलं नाही. नजर पुस्तकावर, आवाज तसाच स्पष्ट.

ते बाकी कोणाच्या लक्षात आलं नाही. गुरुजी तिच्या मागेच बसले होते. उघडं पान दुसऱ्याच धड्याचं होतं, ते त्यांना दिसलं. धडा संपल्यावर जानराव म्हणाले, "वा गुरुजी, सोनं झालं पोरीचं." गुरुजींनी नुसती मान हलवली.

माणसं गेल्यावर त्यांनी तिला जवळ बसवलं. "कवापासून पाठ करून राहिली?"

ती पुस्तकाचा कोपरा दुमडत राहिली. मग म्हणाली, "वाचता नाई आलं तं तिकडं सगळ्याईसमोर उभं करते. मंग मी माह्या बाजूच्या शकुनले दोनदा वाचाले लावते. ते वाचते, मी ध्यानात ठेवते." आणि तिनं विचारलं, "पण तुमाले आवडलं होतं ना, बाबा?"

गुरुजींनी पुस्तक मिटून बाजूला ठेवलं.

सुटी संपायच्या आतच ते तिला घेऊन इंदूबाईंकडे गेले. बाईंनी ललिताशी बोलून पाहिलं आणि त्या बाहेर आल्या. "उन्हाळ्यात हिनं स्वतः सांगितलं होतं, वाचता येत नाही म्हणून. आता विचारलं, तर म्हणते मला सगळं येतं. आधी हे काढावं लागेल, गुरुजी. वाचन त्याच्या नंतर."

ललिता त्यांच्याकडेच राहिली. त्यात दोन वर्षं गेली. एका हिवाळ्यात गुरुजी न कळवता राजापेठेत पोचले. आतून ललिताचा आवाज येत होता. अडखळत, चुकत, पुन्हा मागे येऊन ती एकेक शब्द जोडत होती. चुकली की स्वतःच हसत होती. इंदूबाई घाई करत नव्हत्या. गुरुजी दारापाशी चपला हातात धरून ऐकत राहिले. इतकी वर्षं त्यांनी पोरांना वाचायला शिकवलं, पण चुकताना न भ्यालेला आवाज ते पहिल्यांदाच ऐकत होते.

मग ते आत गेले. ललितानं त्यांना पाहिलं आणि पुस्तक मिटलं.

"वाच ना, बेटा. थांबली कावून?"

"पानी आनते तुमच्यासाठी," ती म्हणाली आणि उठली.

ललिता पुढे सातवी झाली. वयानं मोठी होती, पण झाली. नंतर बालवाडीत बाई म्हणून लागली. मुलांना जवळ घेऊन सावकाश वाचून दाखवायची, असं लोक सांगत. गुरुजींनी ते लोकांकडूनच ऐकलं. त्यांच्यासमोर तिनं पुन्हा कधीच पुस्तक उघडलं नाही, आणि त्यांनीही पुन्हा कधी आग्रह केला नाही.