थांबलेली इस्त्री

लाँड्रीच्या मागच्या खोलीत तिघं म्हातारे वाजवत बसायचे आणि पुढच्या खोलीत ती इस्त्री करायची. मध्ये एक पातळ भिंत. पलीकडच्या दोन गिटारांपैकी एक तिच्या नवऱ्याची, दुसरी तिच्या धाकट्या भावाची. ड्रम वाजवणारा बेकरीवाला भट्टीचं काम आटोपून यायचा, तेव्हा त्याच्या भुवयांवर पीठ तसंच असायचं.

हे जे वाजवतात त्याला प्रोग्रेसिव्ह रॉक म्हणतात, हे तिला लग्नानंतर कळलं. तिच्या लेखी त्याचा अर्थ एवढाच, की चादरींचा अख्खा गठ्ठा हातावेगळा झाला तरी गाणं काही संपत नाही. मधेच ताल बदलतो, आणि टाळी द्यायला गेलेला नवखा माणूस तोंडघशी पडतो.

भाऊ थोडेच सूर वाजवायचा. एक तार बोटाने ओढून धरायचा आणि ती रडवेली झाल्याशिवाय सोडायचा नाही. नवरा भराभर वाजवायचा. त्याचे सूर असे धावायचे, जणू पाठीमागे कुणी लागलंय. बेकरीवाल्याने भावाचं नाव रडूबाई ठेवलं होतं आणि नवऱ्याचं शिलाई मशीन. मशीनला मन नसतं, असं भाऊ म्हणायचा. रडूबाईला बोटं नसतात, असं नवरा म्हणायचा. कुणाच्या वाजवण्यात जास्त भावना, हा वाद ऐकून ऐकून तिचे कान किटले होते.

त्या दुपारी मात्र प्रकरण हातघाईवर आलं. शनिवारी त्यांचा शेवटचा कार्यक्रम होता, कारण बेकरीवाल्याचे गुडघे आता साथ देत नव्हते. सभागृहवाल्यांनी ऐनवेळी वेळ कमी केली. मोठ्या गाण्यात दोघांनाही एकट्याने वाजवायचा एकेक तुकडा होता. त्यातला एकच राहणार होता.

भाऊ दारात येऊन उभा राहिला. "ताई, तूच सांग. ज्याचं काळजाला भिडतं त्याचं ठेवू. दाजींचं भिडतं का तुझ्या काळजाला?"

"माझे पाय भरून आलेत, बाळ्या. काळजाचं नंतर बघू."

"वहिनींना कशाला विचारता? त्यांच्या इस्त्रीला विचारा," आतून बेकरीवाला म्हणाला. "हा रडायला लागला की इस्त्री थांबते. किती शर्ट जळाले आजवर? त्या डॉक्टरांचा कोटसुद्धा गेला. दोघं वाजवा. ज्याच्यावर इस्त्री थांबेल तो शनिवारी वाजवेल."

भाऊ हसला. त्याला ही तोड पसंत पडणारच होती. नवरा आपली बोटं चोळत बसला. कार्यक्रम ठरल्यापासून तो रोज सकाळी बोटांना मलम चोळत होता आणि चहाच्या आधी गिटार घेऊन बसत होता. त्याला तो तुकडा किती हवा होता, हे तिला ठाऊक होतं. मागून घेणाऱ्यातला तो नव्हता, हेही ठाऊक होतं.

"चालेल," तो शेवटी म्हणाला.

दार उघडं ठेवलं. तिने हॉटेलचे उशांचे अभ्रे पुढ्यात घेतले. आधी भावाने वाजवलं. दोन-चार सूर गेले आणि मग त्याने ती तार ओढली. कुणीतरी बोलता बोलता आवंढा गिळावा, तसा तो सूर वर चढून थांबला. तिचा हातही थांबला. भानावर आली तेव्हा अभ्र्यावर तपकिरी डाग उमटला होता.

"घ्या," बेकरीवाला म्हणाला. "जळका वास इथवर आला."

मग नवऱ्याने वाजवायला घेतलं. एरवी तो तारांकडे बघायचा. आज मात्र त्याची नजर इस्त्रीवर होती. ते तिला दिसलं आणि वाटलं, थांबावं. नुसतं मनगट उचलायचं, बाकी कुणाला काय कळणार. पण हात ऐकेना. सुरांबरोबर तो पुढे जायचा, कड गाठायचा, मागे यायचा. एक अभ्रा झाला, दुसरा झाला.

मुलगी बापाशी भांडून घर सोडून गेली, त्या दिवसांतही असंच होतं. ती सकाळी टेबलाशी स्टुलावर बसून राहायची आणि हात उचलवत नसे. बाप मुलीबद्दल चकार शब्द काढत नव्हता. भिंतीपलीकडे बसून नुसता वाजवायचा, असा भरधाव, की एका सुरावर टेकला तर कोसळेल. त्या वेगाला धरून तिचा हात चालायला लागायचा. गठ्ठा संपायचा, दिवस ढकलला जायचा. हे तिने त्याला कधी सांगितलं नव्हतं. त्यानेही कधी विचारलं नव्हतं.

वाजवणं संपलं. इस्त्री चालूच होती.

"मग ठरलं," बेकरीवाला हळूच म्हणाला. नवरा गिटार पेटीत ठेवायला लागला.

"दाजी, मी काय म्हणतो," भाऊ चाचरला, "गंमत होती ती. तुम्ही वाजवा ना शनिवारी."

"शनिवारी तूच वाजव, बाळ्या," ती म्हणाली. "लोक तिकीट काढून येतात ते घटकाभर थांबायला. तुला थांबवता येतं." तिने जळका अभ्रा बाजूला टाकला. "पोरगी गेली तेव्हा तुझं वाजवणं ऐकत बसले असते, तर मी त्या स्टुलावरून उठलेच नसते. तेव्हा यांचं वाजवणं होतं म्हणून माझा हात चालला. त्याचं तिकीट कोण काढणार?"

बेकरीवाल्याने भुवईवरचं पीठ पुसलं. नवरा पेटीवर हात ठेवून तसाच वाकून उभा होता.

"मला वाटायचं, तुला त्याचा त्रासच होतो," तो म्हणाला.

"त्रासही होतो. अहो, पेटी लावू नका. चादरी राहिल्यात अजून."

त्याने गिटार पुन्हा मांडीवर घेतली. शनिवार हातचा गेला होता आणि बोटं दुखत होती, तरी त्याने सुरुवात केली. वेग पूर्वीसारखा राहिला नव्हता. एके ठिकाणी तो एका सुरावर किंचित रेंगाळला.

तिचा हात रेंगाळला नाही. चादर दुहेरी पलंगाची होती आणि अर्धीही झाली नव्हती.