उजेड अडवणारा दरवाजा

पुढच्या दरवाज्याला तोरण मिळतं, नावाची पाटी मिळते, येणाऱ्याजाणाऱ्यांचं कौतुक मिळतं. मी बोलतोय तो मागचा. माझ्या वाट्याला केराची बादली, गॅसची टाकी आणि ओली पायपुसणी. तरीही सांगतो, धायरीतल्या आमच्या रो-हाउसच्या अख्ख्या रांगेत माझ्या तोडीचा दरवाजा नव्हता.

माझे मालक भीमराव सरकारी कचेरीत होते. नव्या घरात येऊन महिना झाला नाही तोच मागच्या बाजूने कोणीतरी कुकर पळवला, तोही आत शिजलेल्या डाळीसकट. भीमरावांच्या ते जिवाला लागलं. त्यांनी संपत सुताराला बोलावून बजावलं, "काच नको, जाळी नको. फटसुद्धा राहता कामा नये. अस्सल साग हवा."

संपतने मला मन लावून घडवलं. मी चौकटीत बसल्यावर भीमरावांनी मला थाप मारली आणि म्हणाले, "आता येऊ दे चोराला. दात पडतील त्याचे." माझी छाती फुगली. पावसाळ्यात तर ती इतकी फुगायची की मी उघडायचोच नाही.

चोर पुन्हा फिरकला नाही. पण मी आल्यापासून स्वयंपाकघरात उजेडही फिरकेनासा झाला. हे फक्त भीमरावांच्या पत्नीच्या, प्रेमलाबाईंच्या लक्षात आलं होतं.

त्यांना वाचनाचं भारी वेड. पेपर, वाचनालयातली कादंबरी, अगदी वाण्याच्या पुडीचा कागदही सुटायचा नाही. पण ओट्यापाशी भर दुपारी दिवा लावावा लागे आणि भीमराव येताजाता तो बंद करत. "दिवसाढवळ्या कसला दिवा?" मग बाई मला हातभर उघडत, खाली वरवंटा टेकवत आणि उजेडाच्या त्या पट्ट्यात उभ्याने वाचत. इकडे दूध उतू जाई. भीमराव धावत येऊन गॅस बंद करत आणि मांजर आत येईल म्हणून मला धाडकन लावून टाकत. प्रेमलाचं लक्ष नसतं, असं घरात ठरूनच गेलं. लक्ष कुठे असतं ते मला ठाऊक होतं, पण सांगणार कसं?

पुढे घरात सून आली, निकिता. एके दुपारी तिने सासूबाईंना माझ्यापाशी पेपर डोळ्यांजवळ धरून उभं राहिलेलं पाहिलं.

"आई, बसून वाचा ना."

"बसलं की उजेड पुरत नाही गं. आता उभ्यानेही पुरेनासा झालाय."

त्याच संध्याकाळी तिने विषय काढला. "बाबा, मागचा दरवाजा बदलू या. पूर्ण काचेचा लावू."

भीमराव उखडले. "काचेचा? मग चोराला निमंत्रणपत्रिकाही छापून घ्या."

"बाहेरून ग्रिल लावू ना. आईंना दिसत नाहीये तिथे."

"या घरात भरपूर उजेड आहे. विषय संपला."

मी मनातल्या मनात भीमरावांचा जयजयकार केला. शेजारचा जुना दरवाजा बंबात गेलेला मी पाहिला होता. मला जळायचं नव्हतं.

गुरुवारी नेहमीप्रमाणे वीज गेली. भीमरावांना संधीच मिळाली. "आज चहा मी करतो. बघू कुठे अंधार आहे तो." मीही घट्ट मिटून उभा राहिलो. चहा झाला. निकिताने घोट घेतला आणि थेट बेसिन गाठलं. प्रेमलाबाईंनी कप अलगद खाली ठेवला. साखर समजून भीमरावांनी मीठ घातलं होतं. स्वतः मात्र ते ताठ मानेने कप संपेपर्यंत प्यायले.

"अहो, अजून अर्धा कप देऊ का?" प्रेमलाबाई म्हणाल्या. "उजेड भरपूर आहे."

भीमराव उठून माझ्यापाशी आले. खाली ठेवलेला वरवंटा त्यांनी पायाने जरा हलवला.

"तू इथे उभी राहून वाचायचीस?"

"मग काय, चोराची वाट बघत होते?"

"सांगायचं नाही का?"

"सांगितलं होतं. तुम्ही दिवा बंद करून निघून गेलात."

त्यांनी लगेच संपतला फोन लावला. बिजागऱ्या सुटल्या तेव्हा मला रडूच कोसळणार होतं. तेवढ्यात भीमराव म्हणाले, "हा कुठे जायचा नाही. याला पाय लाव."

आता मी टेबल आहे. नव्या काचेच्या दरवाज्याला लागूनच माझी जागा आहे. सकाळपासून अंगभर ऊन पसरतं आणि माझ्या सागाच्या रेषा किती देखण्या आहेत, ते मला आत्ता कुठे कळतंय. ज्या उजेडाला इतकी वर्षं अडवलं, त्याने माझ्यावर जराही राग धरला नाही.

प्रेमलाबाई माझ्यावर कोपर टेकून, ऐसपैस बसून वाचतात. दूध अजूनही उतू जातं. भीमराव उठतात, गॅस बंद करतात, ओटा पुसतात आणि म्हणतात, "तू वाच."

माझं एवढंच सांगणं आहे. तुमच्या घरात दूध वरचेवर उतू जात असेल, तर रागावण्याआधी एकदा बघून या, ते माणूस कुठे उभं आहे.