चार बोटं तोकडी

शिंपीकामातला उस्ताद म्हणून 'उस्ता' म्हटल्या जाणाऱ्या फिक्रीने शिवलेली गलाबिया चाळीस वर्षांत कधी परत आली नव्हती. त्यामुळे बसयूनी पांढरी गलाबिया हातात घेऊन दुकानाच्या दारात उभा राहिला, तेव्हा फिक्रीने हातातली कात्री खाली ठेवली.

बसयूनी रशीद गावच्या धक्क्यावरचा मच्छीमार, ताडासारखा उंच. तयार कपडा त्याला जन्मात कधी पुरला नाही. पोटऱ्या उघड्या टाकून फिरायचा आणि गल्लीतली पोरं विचारायची, "काका, नाईलला पूर आलाय का?" मुलीचं, इन्तिसारचं लग्न ठरलं, तेव्हा त्याने आयुष्यात पहिल्यांदा माप देऊन ही गलाबिया, घोट्यापर्यंत पोचणारा पायघोळ झगा, शिवायला टाकली होती.

"तू सांगितलंस तशी, जास्तीचं कापड आत टाचून साखरपुड्याला घातली," बसयूनी म्हणाला. "अंगावर सरबत सांडलं, म्हणून बायकोने टाके उसवून धुतली. आता बघ." त्याने ती अंगावर चढवली. घोट्याच्या चार बोटं वर! "तुझा दोष नाही रे उस्ता. माझे पायच देवाने जास्तीचे दिलेत. घेईन चालवून. सवय आहे."

भांडला असता तर फिक्रीला बरं वाटलं असतं.

गलाबिया ठेवून घेऊन तो तडक हज करून 'हाग्गा' झालेल्या कापडवाल्या दौलतकडे गेला. "हाग्गा, हातमागाचं कापड उभ्यात वीस टक्के आटतं म्हणालात. मी वीस टक्के वाढवूनच कापलं. तरी तोकडी! तुमचं कापड खोटं आहे."

"आधी बूड टेक," दौलत म्हणाली. "मग माझ्या कापडाला शिव्या दे. अंगावर किती लांब हवी होती?"

"एक मीटर साठ."

"आणि कापलीस किती?"

"त्यावर वीस टक्के, म्हणजे बत्तीस सेंटीमीटर जास्त. एक मीटर ब्याण्णव."

"मग पाण्याने वीस टक्के कशातून खाल्ले?"

"एकसाठमधून. आणखी कशातून?"

"अरे, पाण्याला काय ठाऊक तुझं एकसाठ? त्याच्या पुढ्यात तू एक ब्याण्णव टाकलंस. ते त्या सगळ्याचा पाचवा हिस्सा खाणार. तू वाढवलेल्या बत्तिसातलासुद्धा."

फिक्रीने बोटांवर हिशोब केला. एकशे ब्याण्णवाचा पाचवा हिस्सा अडतीसच्या वर जात होता. वाढवले बत्तीस, गेले अडतीस. सहा-साडेसहा सेंटीमीटरची तूट. चार बोटं. त्याच्या कानाच्या पाळ्या तापल्या.

"पण हाग्गा, इतकी वर्षं असंच कापतोय मी!"

"गिरणीचं कापड शंभरात दोन-तीन आटतं. तिथे ही चूक शिवणीत लपते. इथे वीस आहेत, बाबा."

"मग वाढवायचं तरी किती?"

"पाचातला एक गेला की चार उरतात. तुझे एकसाठ म्हणजे ते चार. एकेक भाग चाळिसाचा. जाणारा पाचवा भाग आधीच घाल. दोन मीटर काप."

"म्हणजे पंचवीस टक्के! जाताना वीस आणि भरायला पंचवीस?"

"जाताना मोठ्यातून जातात, भरताना लहानावर भरायचे असतात." दौलत हसली. "मी काही आईच्या पोटातून शिकून आले नाही. दोन शिंप्यांनी माझ्या दारात येऊन तमाशा केला, तेव्हा कळलं."

फिक्रीने पुढच्या आणि मागच्या भागासाठी दोन-दोन मीटरच्या लांबीने कापड घेतलं. या वेळी कशावरच भरवसा न ठेवता त्याने ते आधी भिजवलं, गच्चीवर वाळवलं आणि टेप लावली. एक मीटर साठ. त्याने पुन्हा मोजलं. तेवढंच.

बुधवारी नवी शिवलेली गलाबिया घेऊन तो स्वतःच बसयूनीच्या घरी गेला. "ही घे. आणि ऐक, तुझे पाय जेवढे हवेत तेवढेच आहेत. हिशोब माझा चुकला होता."

"आता उस्ता लोकही चुकायला लागले?" बसयूनीने मोठ्याने विचारलं, पण गलाबिया त्याने दोन्ही हातांनी घेतली, छातीशी धरली आणि पैशांचं विचारलं, तर फिक्रीने हात झटकला.

गुरुवारी वरात निघाली. बसयूनीला एवढ्या लांब कपड्याची सवय कुठली! दारातल्या पायरीवरच त्याचा पाय घेरात अडकला आणि तो धडपडला.

"बाबा, जरा वर उचलून चाला ना," इन्तिसार म्हणाली आणि त्याचा दंड धरला.

"नाही उचलणार," तो म्हणाला, आणि लेकीच्या आधाराने, एकेक पाऊल जपून टाकत, सगळी गल्ली चालून गेला.