सीझनमधला रविवार

"फोन ठेव की लेका वर काठाला! मासं काय रिंग देनार हाईत तुला?" कमरेएवढ्या पाण्यातून बापूसो ओरडले.

हंबीरराव घोट्याएवढ्या पाण्यात उभे होते. विजार गुडघ्यापर्यंत दुमडलेली आणि उजवा हात सदऱ्याच्या खिशावर.

"असू दे. कारखान्याचा आला तर?"

"आज रविवार हाय की गा."

"सीझनात रविवार नसतोय."

यावर बापूसोंनी नाक धरून बुडी मारली.

मॉरिशसच्या त्या किनाऱ्यावर भर उन्हाळा होता. जानेवारीत कोल्हापुरात लोक स्वेटर घालून फिरत असतील आणि इथं वाळू पायाला चटके देत होती. दक्षिणेकडं ऋतू उलटे असतात, हे नृसिंह जोशींनी विमानातच समजावून सांगितलं होतं. बापूसोंनी ते तिसऱ्या दिवशी, बनियन घामानं चिंब झाल्यावर मान्य केलं. सहलीच्या कागदावर आजच्या तारखेपुढं 'मोकळा दिवस' एवढंच छापलेलं होतं. तिघांनी तो कागद उलटून पालटून पाहिला. काय करायचं ते सुचेना. तेव्हा गाडीचा चालक विश्वजित म्हणाला, "रविवारी आमचे कुटुंब समुद्रकिनारी भोजन करते. आपणही यावे."

विश्वजितचा पणजोबा ऊसतोडीसाठी रत्नागिरीकडून जहाजानं इथं आलेला. विश्वजित मराठी शिकला तो शाळेत, पुस्तकातून. त्यामुळं तो बोलायला लागला की बापूसोंना उगीचच उभं राहावंसं वाटे.

"आपण या सावलीत आसनस्थ व्हावे," सुरूच्या झाडांखाली चटया अंथरत तो म्हणाला होता.

"आसनस्थ!" बापूसो म्हणाले. "आमचा हेडमास्तर बी असं बोलत न्हवता, पावणं. बसा म्हना, बसतो आमी."

हे तिघे वारणेकाठच्या एकाच साखर कारखान्यातले, आता तिघेही निवृत्त. बापूसो वजनकाट्यावर. उसाची गाडी नुसती पाहून ते वजन सांगत आणि मग काट्याशी भांडत. नृसिंह जोशी प्रयोगशाळेत केमिस्ट. आणि हंबीरराव पॅनमन. पॅन म्हणजे मोठी बंद लोखंडी हंडी. उसाचा रस आटवून तिच्यात घेतात, त्याचा पाक होतो आणि पाकात साखरेचा दाणा धरतो. तो धरला का, किती वाढला, कुठं थांबवायचा, हे सांगायचं पॅनमननं. काचेच्या पट्टीवर पाकाचा थेंब घ्यायचा, बोटानं पसरायचा, दिव्यापुढं धरायचा आणि ठरवायचं. वेळ चुकली की अख्खी हंडी वाया. हंबीररावांनी असे अडतीस सीझन काढले. त्यांचं बोट आणि त्यांचा डोळा यावर कारखान्याची साखर पोत्यात पडत होती, असं लोक म्हणायचे. तेही म्हणायचे.

फक्त जोशी म्हणत नसत. त्यांच्याजवळ यंत्रं होती आणि आकडे होते. पॅनवर चढून ते म्हणत, "चुकताय, हंबीरराव." हंबीरराव म्हणत, "तुमचा आकडा जिना चढून येईस्तवर माझा दाना म्हातारा हुतोय, सायब." निम्म्या वेळा एक बरोबर असे, निम्म्या वेळा दुसरा. पण हंबीररावांची एकही चूक जोशींनी कधी तशीच जाऊ दिली नाही. गेल्या जूनमधल्या निरोपसमारंभात हंबीरराव माईकवर म्हणाले, की मी लागलो तेव्हा चाळीस टनांचा पॅन होता. तर पुढच्या रांगेतून जोशी ओरडले, "पस्तीस!"

त्याच समारंभात मोठ्या साहेबांनी हार घालताना सांगितलं, की नवा पॅन कंप्युटरवर चालणार असला तरी काही अडलं तर आम्ही मामांनाच फोन करू. टाळ्या पडल्या. साहेब खाली उतरेपर्यंत ते विसरलेही असतील. हंबीररावांनी मात्र तो हुकूम धरला. नोव्हेंबरात गव्हाणीत उसाची पहिली मोळी पडून सीझन सुरू झाला त्या सकाळपासून त्यांनी फोनला अंतर दिलं नाही. अंघोळीला जाताना तो ते बाहेरच्या खिडकीत ठेवत. कारखान्याच्या आवाजानं कान गेलेले, म्हणून फोनचा आवाज शेवटापर्यंत चढवलेला.

फोन आला नाही. नोव्हेंबर गेला, डिसेंबर गेला. कट्ट्यावर मित्रांनी विचारलं तेव्हा हंबीररावांनी सांगितलं, की दोनदा आलता. एकदा दाणा धरत नव्हता, एकदा हंडीतला व्हॅक्यूम पडला होता. "मग काय सांगितलंत?" जोशींनी विचारलं होतं. हंबीररावांनी उपाय सांगितले आणि जोशींनी त्यावर अर्धा तास वाद घातला होता. त्या वादानं हंबीररावांना बरं वाटलं होतं. खोट्याला जरा वजन आलं होतं.

एव्हाना विश्वजितच्या घरच्यांनी पातेली उघडली होती. आसपासच्या प्रत्येक झाडाखाली एकेक कुटुंब आपापली पातेली घेऊन बसलं होतं. कुणी गात होतं, कुणी पत्ते खेळत होतं, कुणी काहीच करत नव्हतं. विश्वजितच्या बायकोनं केळीच्या पानावर डाळपुऱ्या वाढल्या. बापूसो ओल्या अंगानं येऊन बसले आणि एक घास तोडून थांबले.

"काय झालं?" जोशींनी विचारलं.

"पुरणपोळीत गूळ घालायचा इसरल्यात ओ."

"ती तशीच असते. तिखटच खातात."

"शंभर वर्सांत कुनी सांगितलं न्हाय व्हय ह्यास्नी?" असं म्हणत बापूसोंनी चार खाल्ल्या आणि मग परत पाण्यात गेले.

विश्वजितचे वडील ऐंशीच्या पुढचे होते. त्यांना मराठीतली फक्त आरती येत होती. ते इतका वेळ हंबीररावांच्या हाताकडं पाहत होते. आता ते सरकत जवळ आले, त्यांनी हंबीररावांचं मनगट धरून हात उलटा केला आणि कोपरापर्यंतच्या भाजल्याच्या गोल खुणांवर बोट ठेवलं. मग स्वतःची बाही वर केली. तशाच खुणा. तितक्याच गोल.

"पिताजी साखर शिजवत असत," विश्वजित म्हणाला.

हंबीरराव ताठ बसले. "पॅनवर?"

"होय. ती चिमणी दिसते ना, तो त्यांचा कारखाना. वीस वर्षांपूर्वी बंद झाला. आता तिथे कपड्यांची दुकाने आहेत."

नारळांच्या वर एक दगडी चिमणी दिसत होती. तिच्यातून धूर निघत नव्हता. हंबीररावांनी ती बराच वेळ पाहिली.

"मग आता काय करत्यात हे?"

विश्वजितनं वडिलांना त्यांच्या भाषेत विचारलं आणि उत्तर आणलं. "रविवारी समुद्रावर येतात."

"आन बाकीचं दिस?"

"रविवारची वाट पाहतात."

म्हातारा मान डोलावत हसला. हंबीररावांना ते आवडलं नाही. त्यांनी बाही खाली ओढली.

"आमचा चालू हाय कारखाना," ते म्हणाले. "सांगा त्यास्नी. ह्या टायमाला तिसरी हंडी चढली आसंल. अजून अडलं की फोन करत्यात मला."

विश्वजितनं तसं सांगितलं. म्हाताऱ्यानं डोळे मोठे करून कौतुक केलं. शेजारी बसलेले जोशी चष्मा पुसत राहिले.

आणि फोन वाजला.

आवाज एवढा मोठा होता, की दोन झाडांपलीकडचं गाणं थांबलं. हंबीररावांनी पडद्यावरचं नाव वाचलं. सम्राट. नव्या पॅनवरचा ऑपरेटर.

"कारखान्याचा हाय," ते मोठ्यानं म्हणाले.

"बापूसो!" विश्वजितनं हाका मारल्या. "या, कारखान्याचा दूरध्वनी आला!" पाणी उडवत बापूसो किनाऱ्याकडं पळत निघाले.

"मामा, सम्राट बोलतोय. रेंज हाय न्हवं?"

"बोल की, बोल."

"ते कोपऱ्यातलं तुमचं लोखंडी कपाट हाय न्हवं? ते काढाय लागलोय. तितं एसी बसवायचाय कंप्युटरसाठी. चावी कुटं हाय त्याची?"

हंबीररावांनी मान वर केली. समोर म्हातारा डोळे मोठे करून पाहत होता. बापूसो निथळत येऊन उभे राहिले, धापा टाकत, तोंडभर हसत.

"खोटा दाना पडला व्हय?" हंबीरराव म्हणाले.

"आँ? न्हाय ओ मामा, चावी..."

"पडला तर पडला. घाबरायचं न्हाय. पयलं पानी बंद कर. वाफ वाढीव. जोरात सोड."

"मामा, दाना झ्याक हाय. सगळं कंप्युटरवर हाय. चावी तेवढी सांगा, मान्सं खोळंबल्यात."

"आन गेजच्या मागं बघ. डाव्या अंगाला. खिळ्याला हाय."

पलीकडं थोडी खुडबुड झाली. "घावली, घावली! बरं मामा, एन्जॉय करा." फोन बंद झाला.

तरीही हंबीररावांनी तो आणखी थोडा वेळ कानाला धरला. "हां. हां. झालं की परत सांग," ते म्हणाले आणि मग खाली ठेवला.

"अडलं न्हवं शेवटी?" बापूसो आसपासच्या सगळ्या झाडांना ऐकू जाईल असं म्हणाले. "सात समिंदराच्या पल्याड फोन! काय करतोय कंप्युटर?"

"कंप्युटरला बोट न्हाय," हंबीरराव म्हणाले. हे वाक्य त्यांनी पुष्कळ दिवस तयार ठेवलं होतं. पण त्यांचं लक्ष त्या वाक्यात नव्हतं.

ते चुकले होते. पाक फार आटला की त्यात नको असलेला बारीक दाणा पडतो, तो खोटा दाणा. तो विरघळवायला पाणी द्यावं लागतं. पाणी बंद करून वाफ वाढवली तर पाक आणखी आटतो आणि सगळी हंडी बिघडते. पहिल्या सीझनच्या माणसालाही हे ठाऊक असतं. बोलतानाच त्यांच्या ते लक्षात आलं होतं आणि बोलून झाल्यावर ते वाट पाहत होते. आता जोशी म्हणतील, चुकताय, हंबीरराव.

जोशी पानावर लोणचं वाढून घेत होते. त्यांनी ते नीट एका कोपऱ्यात ठेवलं. बोट पुसलं. समुद्राकडं पाहिलं.

"छान वारा सुटलाय," ते म्हणाले.

जेवणं झाली. बापूसो आणि विश्वजित पातेली घासायला पाण्यावर गेले. म्हातारा खोडाला टेकून डुलक्या घेऊ लागला. हंबीररावांनी पुष्कळ वेळ वाळू चाळवली.

"जोशीसायब."

"हं."

"मी चुकीचं सांगितलं मगाशी."

"काय?"

"काय ते तुमास्नी म्हाईत हाय. म्हना की मग. तीस वर्सं म्हनतायसा."

जोशींनी चष्मा काढला, परत लावला. "पाणी द्यायचं असतं. वाफ नव्हे."

"हां."

"वाफ वाढवली असती तर दगड झाला असता हंडीत. फोडून काढावा लागला असता."

"हां."

"इतकी साधी गोष्ट तुमच्यासारख्या माणसानं..."

"बास की आता." हंबीररावांचा आवाज जरा सैल झाला. थोड्या वेळानं ते म्हणाले, "कपाटाची चावी मागत हुता."

"ऐकलं. तुमचा फोन अख्ख्या बेटाला ऐकू जातो."

"बापूला सांगू नगा."

"बापूसोंचा भाचा सम्राटच्याच पाळीत असतो, हंबीरराव. फोन आले की नाही, सगळं त्यांना माहीत आहे. ऐन सीझनातच परदेशी जाऊ म्हणून हट्ट कुणी धरला? त्यांनीच. मी एप्रिल म्हणत होतो."

हंबीररावांनी पाण्याकडं पाहिलं. बापूसो वाळूनं पातेलं घासत विश्वजितला काहीतरी शिकवत होते. शिव्या असाव्यात. विश्वजित त्या पुस्तकी उच्चारात परत म्हणून दाखवत होता आणि बापूसो पोट धरून हसत होते.

हंबीररावांनी फोन जोशींच्या पिशवीत टाकला आणि ते चटईवर आडवे झाले.

किनाऱ्यावर सगळीच माणसं झोपली होती. दुपारी दोन वाजता, हात डोक्याखाली, टोप्या तोंडावर. हंबीररावांनी डोळे मिटले. झोप आली नाही. लाटा येत होत्या आणि जात होत्या, त्यांना कुणाची घाई नव्हती. बऱ्याच वेळानं ऊन सरकलं आणि त्यांच्या पायांवर आलं. मग गुडघ्यांवर. उठून जरा सरकावं असं त्यांच्या मनात आलं, तेवढ्यात डोक्याशी पावलं वाजली.

"उठवू नगा," बापूसोंचा दबका आवाज. "लागलीया झोप."

"मग उन्हात भाजू द्यायचं?" जोशी.

"चटईसकट वढू या. धरा तिकडनं. मी बघतो वजन किती भरतंय... पंच्याऐंशी किलो. लिवून घ्या."

"बडबड करू नका. धरा."

"तुमी पायाकडनं धरलंय, जोशीसायब."

"पिताजी म्हणतात, डोक्याकडून ओढावे," विश्वजित कुजबुजला. "आणि सावकाश."

चटई हलली. वाळूवरून खसखसत, थांबत, पुन्हा हलत ती सरकू लागली. चार माणसांचे श्वास ऐकू येत होते, त्यातला एक फार म्हातारा होता. गुडघ्यांवरचं ऊन गेलं, मग पायांवरचं. हंबीररावांचा एक हात चटईवरून घसरून वाळूत ओढला जाऊ लागला. कुणीतरी वाकून तो उचलला आणि त्यांच्या छातीवर नीट ठेवला.

हंबीररावांनी डोळे उघडले नाहीत. श्वास तेवढा झोपेतल्यासारखा संथ ठेवला.