अंतराळात घुसलेला हात

मी एक जुना भाग आहे. मोटारीचा नव्हे, टीव्हीवरच्या एका अंतराळ मालिकेचा. सतरावा. एका काळ्या टेपवर माझा मुक्काम असतो. सुरुवातीला तुम्हाला ‘मित्रांनो’ म्हणायची पद्धत आहे, म्हणून म्हणतो. मित्रांनो, तुमच्या आजी-आजोबांनी माझी पोट धरधरून टिंगल केली, हे मी विसरलेलो नाही. तुम्हीही केली असती. तेव्हा उगाच गळ्यात पडू नका. नीट बसा आणि ऐका.

माझा जन्मच भांडणात झाला. मालिकेचे दिग्दर्शक आणि यान बनवणारा कारागीर यांच्यातून विस्तव जात नव्हता. कारागिराने आठ महिने खपून यान उभं केलं होतं. पाण्याचे पाइप, टॉर्चच्या काचा आणि अँटेना म्हणून बायकोला न विचारता उचललेली चहाची गाळणी. त्या गाळणीवरून त्याला घरी आठवडाभर बोलणी बसली. सोळा भाग ते यान उडालं. मग दिग्दर्शकांनी ठरवलं, सतराव्यात ते जाळायचं.

“दुसरं छोटं करून देतो, ते जाळा,” कारागीर म्हणाला.

“छोटं ते छोटंच दिसतं. हेच जाळायचं.”

“आठ महिने लागलेत साहेब.”

“मग आठ सेकंदांत जळताना बघ. करमणूक होईल तुझी.”

चित्रीकरणाच्या दिवशी यान तारेला टांगलं. मागे अंतराळ. आमचं अंतराळ म्हणजे एक भला मोठा काळा पडदा. त्याला सुईने हजारो भोकं पाडायची आणि मागे दिवे लावायचे, की झाले तारे. पडदा आणि भिंत यांच्यामधल्या अरुंद बोळात चार दिवेवाले उभे होते. संधी एकच होती, कारण राख झालेलं यान पुन्हा पेटत नाही.

यान पेटलं आणि काय सुरेख पेटलं! मी मनात म्हटलं, आता माझं नाव होणार. तेवढ्यात डावीकडून ताऱ्यांमध्ये एक हात घुसला. बाही दुमडलेली, मुठीत ओला फडका. तीन सेकंद राहिला आणि गेला.

दुसरं यान नव्हतं आणि दोन दिवसांवर प्रसारण. मला आहे तसं दाखवावं लागलं. मग पत्रांचा पाऊस पडला. ‘अंतराळात हे कोण भांडी घासतंय?’ ‘परग्रहावरची माणसं बाह्या दुमडतात का?’ पोरं रस्त्यात एकमेकांच्या तोंडासमोर हात नाचवायची.

दिग्दर्शकांनी डोक्यात राख घालून घेतली. “यान वाचवायला गेलास आणि माझी लाज काढलीस,” ते सगळ्यांसमोर ओरडले.

“पडद्याने पेट घेतला होता, तो विझवला,” कारागीर म्हणाला.

“कुठे? दाखव!”

त्याने शोधलं. पण हजारो भोकांत एक भोक जास्त, आणि काळ्या कापडावर काळा डाग. कोणाला दिसणार? दिवेवाले तर दिव्यांकडे बघत होते. त्याला त्याच दिवशी हाकललं. पुढे तो कुठेही काम मागायला गेला की लोक म्हणायचे, “हा बघा, हातवाला आला.” मला त्याची दया आली असेल असं वाटतं तुम्हाला? मुळीच नाही. माझं नाव ज्याने मातीत घातलं, त्याच्यावर मी डूख धरून होतो.

आमच्या टीव्ही केंद्रात दाखवून झालेल्या टेपा पुसून पुन्हा वापरत. जपायच्या टेपांच्या डब्यांवर दिग्दर्शक लाल टिकली लावत. माझ्या सोळा भावंडांना लाल टिकली मिळाली. मला नाही. पण टेपा पुसणाऱ्या बाई दिग्दर्शकांना पाण्यात पाहायच्या, कारण ते त्यांना ‘ए पुसणी’ अशी हाक मारायचे. बाईंनी ‘दातांची निगा’ नावाचा कार्यक्रम पुसला, त्याच्या डब्यात मला घातलं आणि रजिस्टरमध्ये ‘सतरावा पुसला’ असं लिहून टाकलं. माझ्या प्रेमापोटी नव्हे. “याचा मोठा सत्कार होईल ना, त्या दिवशी लावते,” असं त्या दात ओठ खात म्हणाल्या. तो सत्कार काही झाला नाही. बाई निवृत्त झाल्या आणि मी चौतीस वर्षं दातांच्या डब्यात कुजलो. दातांची निगा कोणी राखत नाही, म्हणून डबा कोणी उघडला नाही.

गेल्या वर्षी केंद्राच्या टेपांच्या कचेरीत एक बाई खिडकीपाशी आली. कारागिराची मुलगी. तो नुकताच गेला होता.

“सतरावा पुसलाय,” कारकून मान वर न करता म्हणाला.

“ज्यांनी पुसला त्यांना फोन लावा. मी हलणार नाही.”

त्याने चरफडत लावला. पलीकडून म्हाताऱ्या बाईंनी पहिलं विचारलं, “तो दिग्दर्शक जिवंत आहे का?”

“चार वर्षं झाली जाऊन.”

मग बाई म्हणाल्या, “मेला होय! मग आता कोणासाठी राखू? दातांच्या डब्यात बघा.”

मला यंत्रात घातलं. मुलगीही रागातच बसली होती. “आई अजून म्हणते, हात आवरला असता तर घर चाललं असतं,” ती म्हणाली. “बघू तरी तो हात.”

हात आला. कारकून फिस्सकन हसला. मुलगी हसली नाही.

“मागे घ्या.”

तिसऱ्या वेळी तिने पडद्यावर बोट ठेवलं, पण हातावर नाही. वर उजवीकडे. “हा तारा बघा. मोठा होतोय.”

बाकीचे तारे मोहरीएवढे होते. तो वाटाण्याएवढा झाला, मग लालसर झाला. हात आला तो यानावरून सरळ पुढे गेला आणि ओला फडका त्याने त्या ताऱ्यावर दाबला. तारा विझला. मागच्या बोळात चार माणसं होती.

मित्रांनो, तो तारा चौतीस वर्षं माझ्याच अंगावर होता. मीही तुमच्यासारखा हाताकडेच बघत राहिलो. मला माझीच लाज वाटली.

“दोन कॉप्या द्या,” मुलगी म्हणाली. “एक आईला.” ती प्रेमाने दाखवणार की भांडायला, हे विचारायची कारकुनाची हिंमत झाली नाही.

टेपा कोरड्या जागी ठेवा, डब्यावर खरं नाव लिहा, हे तुम्हाला कोणीही सांगेल. माझं मागणं वेगळं आहे. मला लावाल तेव्हा हसायची घाई करू नका. तो हात परत जातानाही बघा. फडका अजून ओला आहे, यान वीतभर अंतरावर जळतंय, चहाची गाळणी वाकत चालली आहे. एकदा फिरवला असता तर निम्मं यान वाचलं असतं. तो फिरवत नाही. दृश्य अजून चालू होतं, म्हणून त्याने ते जळू दिलं.