पाहुणीचा पांढरा शर्ट

मास्तर म्हणजे शाळेतले नव्हेत, लेथ मशीनवरचे. चोवीस वर्षं एकाच मशीनवर उभं राहिलं की कारखान्यात तेवढा मान मिळतो, सोबत खोकलाही मिळतो. फिरत्या, तापल्या लोखंडावर तेलाची धार पडते, तिचं धुकं होतं आणि ते थेट छातीत जातं. सुट्टीच्या दिवशी मास्तर ठणठणीत असत. कामावर गेले की दुपारपर्यंत धाप लागलेली.

हे धुकं ओढून घेणारे पंखे बसवा म्हणून मास्तरांनी आठ महिने साहेबांच्या केबिनचा उंबरा झिजवला. साहेबांचं एकच पालुपद, “आधी हवा मोजू. आकडा वाईट आला तर लगेच पंखे.” अखेर एकदाची हवा मोजणारी मुलगी आली. मास्तरांच्या कॉलरला तिनं नळी अडकवली, कमरेला छोटा पंप बांधला आणि शिफ्ट संपेपर्यंत वही घेऊन शेजारीच उभी राहिली. तेही पांढराशुभ्र शर्ट घालून. आता काय म्हणावं?

पंधरा दिवसांनी आकडा आला. मर्यादेच्या निम्मासुद्धा नाही. “हवा चांगली आहे की,” साहेब म्हणाले. “आता पुढच्या वर्षी बघू.” मास्तरांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. मशीन तेच, तेल तेच, मग धुकं गेलं कुठं?

घरी येऊन त्यांनी डबा आदळला. बायको मोरीत त्यांचे तेलकट कपडे घासत होती. तिनं सगळं ऐकून घेतलं.

“ती दिवसभर शेजारी होती ना? मग तिच्या शर्टाचं काय झालं?”

“काय व्हायचंय? एक थेंब उडू दिला नाही मी. शेजारी पाहुणा असला की धार बारीक ठेवायची, मशीन हळू फिरवायचं. हे तर आम्हाला पहिल्याच दिवशी...”

धार बारीक, मशीन हळू, मग धुकं होणार कशाचं? आठ महिन्यांच्या भांडणावर त्यांनी आपल्याच हातानं पाणी ओतलं होतं, तेही कौतुकानं.

“चोवीस वर्षं मी हे घासतेय,” बायको म्हणाली, “माझ्यासाठी नाही केलीत कधी धार बारीक.” मग त्यांचा चेहरा बघून तिचा आवाज उतरला. “जाऊ दे. पुढच्या वेळी तिला जुने कपडे घालून यायला सांगा.”

“पुढच्या वर्षी,” मास्तर म्हणाले, आणि पुढचं बोलायला त्यांना दम पुरला नाही.