मी, एका ताऱ्याचा शेरा

मी एक शेरा बोलतोय. अंगाने सात शब्दांचा, आणि डोक्यावर पाचांपैकी एकच तारा. जुन्या वस्तूंचा लिलाव करणाऱ्या एका साइटवर 'घड्याळघर' नावाचं पान आहे, तिथे माझा मुक्काम असतो. मला पूर्ण वाचून घ्या, वेळ लागत नाही: "गजर वाजत नाही. फसवणूक. यांच्यापासून सावध राहा."

माझा जन्म ऑफिसच्या लिफ्टमध्ये झाला. माझे जन्मदाते 'चोखंदळ' या नावाने खरेदी करतात. त्यांनी घड्याळघराच्या बाईंकडून बोली लावून एक पितळी घड्याळ घेतलं, सहाचा गजर लावला आणि निर्धास्त झोपले. गजर वाजला नाही. ऑफिसात उशीर झाला आणि साहेबांनी सगळ्यांसमोर झापलं. साहेबांना तारे देण्याची सोय नाही. तेव्हा लिफ्टने खाली येताना वड्याचं तेल वांग्यावर निघालं आणि मी जन्माला आलो. चार मजले उतरेपर्यंत माझं बारसंही उरकलं होतं.

घड्याळाच्या वर्णनात तिसऱ्या ओळीत स्वच्छ लिहिलं होतं: "गजर बंद आहे, दुरुस्त होणार नाही. वेळ बघण्यापुरतंच घ्यावं." चोखंदळांनी फोटो बघितले होते. फोटो छान होते. म्हणजे मी खोटा नाही, गजर खरंच वाजत नाही. पण माझा चौथा शब्द 'फसवणूक', त्याची मला लाज वाटते.

आता बाईंबद्दल. त्यांच्या वडिलांचं घड्याळदुरुस्तीचं दुकान होतं. रस्ता रुंद झाला आणि दुकान रस्त्यात गेलं. बाईंनी चिमटे, भिंगं आणि डब्या घरी आणून जेवणाच्या टेबलाचा अर्धा भाग अडवला. उरलेल्या अर्ध्यावर बापलेक जेवतात. बंद पडलेली घड्याळं आणायची, चालू करायची, त्यांतले दोष न लपवता लिहायचे आणि लिलावाला ठेवायची, हा त्यांचा उद्योग. दुसरं दुकान नाही, दुसरी पाटी नाही. हे पान गेलं तर हत्यारं डबीत.

माझ्या आधी त्यांच्याकडे सेहेचाळीस शेरे होते, सगळे पाच ताऱ्यांचे. त्यामुळे नावापुढे 'भरवशाचा विक्रेता' असा हिरवा बिल्ला होता आणि त्यांची घड्याळं पहिल्या पानावर दिसत. बिल्ल्याला शंभरात अठ्ठ्याण्णव चांगले शेरे लागतात. सत्तेचाळिसावा मी आलो, आकडा अठ्ठ्याण्णवच्या खाली घसरला आणि बिल्ला गेला. घड्याळं नवव्या पानावर गेली. नवव्या पानावर कोणी येत नाही, चुकून बोट लागलं तरच.

याच साइटवर 'झकास वस्तू' नावाचा एक विक्रेता आहे. त्याच्याकडे नऊ हजार शेरे आहेत आणि त्यांत माझे दीडशे सख्खे भाऊ. फुटकं आलं, भलतंच आलं, आलंच नाही, असे नाना स्वभावाचे. पण नऊ हजारांत दीडशे म्हणजे दर्यामें खसखस. त्याचा बिल्ला शाबूत आहे. तिथे माझ्या भावांना कुत्रं विचारत नाही. इथे माझा मात्र मोठा मान आहे: दोनशे बारा लोकांनी मला 'उपयुक्त' म्हणून अंगठा वर केलाय, म्हणून मी सगळ्यांच्या वर बसतो. सुरुवातीला मला त्याचा अभिमान वाटायचा. खोटं कशाला बोलू?

बाईंनी साइटला पत्र लिहिलं, सोबत तिसऱ्या ओळीचा फोटो जोडला. उत्तर आलं, "आम्ही प्रत्येक खरेदीदाराच्या मताचा आदर करतो. या उत्तराला आपण किती तारे द्याल?" मग त्यांनी चोखंदळांना लिहिलं, "दादा, गजराचं वर्णनात लिहिलं होतं. घड्याळ नको असेल तर परत घेते. पण फसवणूक म्हणू नका." चोखंदळांनी ते वाचलं. उत्तर दिलं नाही. माणूस दुष्ट नाही, विसरून गेला. त्यांच्या खात्यावरच्या नव्या फोटोत मागे फळीवर तेच घड्याळ आहे, चांगलं पुसलेलं.

बाई मला रोज उघडून बघत. तेवढ्या वेळात मला घर दिसायचं.

"आपल्या दुकानात माणूस तावातावाने यायचा," वडील म्हणाले, "वाटेल ते बोलायचा. आपण चहा पाजायचो. संध्याकाळी त्यालाच आठवायचं नाही काय बोलला ते. हा गडी मात्र हलायलाच तयार नाही."

"बाबा, तो हलत नसतो. तो लिहिलेला असतो."

"मग लिहिणाऱ्याला चहा पाजता येत नाही का?"

आठ महिन्यांत जुन्या गिऱ्हाइकांनी शोधत येऊन दोन घड्याळं घेतली. दोन चांगले शेरे आले. आता आणखी एकच हवा होता, की बिल्ला परत. तो येणारही होता. एका नर्सबाईंनी भिंतीवरच्या घड्याळावर बोली लावली. नवी स्प्रिंग बसवायची होती आणि घड्याळ वीस तारखेला, आईच्या वाढदिवशी, हवं होतं. बाईंनी नऊ तारखेला दुसऱ्या एका छोट्या विक्रेत्याकडून स्प्रिंग मागवली. ती बावीस तारखेला आली. नर्सबाईंनी तोवर माफी मागून सौदा मोडला होता.

स्प्रिंगचं फाटकं पाकीट हातात धरून, समोर फोनवर मला उघडून बाई टेबलाशी बसल्या. इतकं रडताना मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. मग त्यांनी फोन उचलला, स्प्रिंगवाल्याच्या पानावर एक तारा पेटवला आणि लिहिलं, "वेळेवर पोचत नाही. फसवणूक."

मी ते वळण ओळखलं. आमच्याच घराण्यातलं होतं. स्प्रिंगच्या वर्णनात लिहिलं होतं: पोचायला दहा ते पंधरा दिवस. तेराव्या दिवशी आली होती. आठ महिने माझ्यामुळे पोळलेली बाई, आणि तिच्या हातून माझा सख्खा भाऊ जन्माला आला. मला ओरडावंसं वाटलं, पण शेऱ्याला आपल्या सात शब्दांपलीकडे काही बोलता येत नाही.

सकाळी स्प्रिंगवाल्याचं पत्र आलं. "ताई, माझ्याकडे बाराच शेरे आहेत. दिवस वर्णनात लिहिले होते. माल परत करा हवं तर, पण फसवणूक म्हणू नका."

बाईंनी ते दोनदा वाचलं. मग मोठ्याने वडिलांना वाचून दाखवलं.

"आपल्याला त्या माणसाने उत्तर दिलं नाही," वडील म्हणाले. "तू दे."

बाईंनी शेऱ्याच्या कोपऱ्यातल्या तीन ठिपक्यांवर बोट ठेवलं. 'शेरा मागे घ्या.' साइटने विचारलं, नक्की? त्यांनी हो म्हटलं. माझा भाऊ गेला. एक रात्र जगला आणि कोणाचंही वाटोळं न करता गेला. आमच्यात याला सद्गती म्हणतात.

"मग आता पाच तारे दिलेस?" वडिलांनी विचारलं.

"चार," बाई डोळे पुसत म्हणाल्या. "पाकीट फाटलं होतं."

स्प्रिंग बसवून ते घड्याळ त्यांनी पुन्हा लिलावाला ठेवलंय. वर्णनात पाच दोष लिहिलेत. ते नवव्या पानावर आहे, अजून एकही बोली नाही, आणि बाईंनी थोडी हत्यारं डबीत भरायला घेतली आहेत.

म्हणून चोखंदळ, तुम्ही हे वाचत असाल तर ऐका. मी तुमचंच लेकरू आहे, माझी भीड धरू नका. मला स्वतःला पुसता येत नाही, बाईंना मला पुसता येत नाही, साइट पुसणार नाही. ते फक्त तुमच्या बोटात आहे. कोपऱ्यात तीन ठिपके आहेत. बाईंना त्या सकाळी चार सेकंद लागले, मी मोजले. लिफ्टमध्ये असलात तरी चालेल.